पाच राखाडी पट्ट्या

९ सप्टेंबर, मंगळवार

सीबीएस स्टँडवरून रिक्षा वळली आणि आठवलं. शाळा सुटली की शालन आणि मी इथे कठड्यावर बसून एका पेरूचे दोन करायचो. तिखट-मीठ तिच्या कंपासपेटीत. मधेच ती म्हणायची, "आली बघ बस." मी धडपडत दप्तर उचलायची. बस नसायचीच, आणि तेवढ्यात पेरूचा मोठा तुकडा तिच्या तोंडात. रोज फसायची, रोज हसायची. तेव्हा काही वाटत नसे.

इंदिरानगरच्या ऑफिसात आले (ऑफिस म्हणजे आम्हा दोघींच्या नावाचा दोन खोल्यांचा फ्लॅट) तर शालन दारातच. पुण्याचे मोठे फूलवाले शेतकऱ्यांकडून थेट फुलं घ्यायच्या आपल्या ॲपवर यायचं म्हणताहेत, त्याआधी एकदा येऊन बघणार. तिला पानं मोठ्या कंपन्यांसारखी हवीत. माहिती येईपर्यंत पांढरं पान नको. जिथे नाव येणार, भाव येणार, तिथे तोवर राखाडी पट्ट्या चमकत राहायच्या. स्केलेटन म्हणतात. "सगळ्या पानांवर. एकसारखं."

काम मीच करणार. कोड माझा, बोलणं तिचं. पहिल्यापासून तसंच.

११ सप्टें., गुरुवार

फुलांच्या यादीचं पान झालं, दुकानदारांचंही. छान दिसतं, उगाच नाही कशाला म्हणू. फोटोच्या जागी चौकोन, नावाला लांब पट्टी, भावाला आखूड. माहिती आली की आपापल्या जागी बसते, पान उडी मारत नाही. नेटकं काम झालं की अजून बरं वाटतं. दुपारी दोघींनी एकाच डब्यातून साबुदाण्याची खिचडी खाल्ली.

१२ सप्टें., शुक्रवार

'आजच्या ऑर्डरी' या पानावर अडले. हे पान शेतकरी पहाटे शेतात उभं राहून बघतात. ऑर्डर असेल तेवढंच फूल तोडायचं, ही पद्धत आम्हीच त्यांना लावली. तिथे पट्ट्या दाखवायच्या किती? ऑर्डर एकही नसेल तर? आणि शेतात नेट अडकलं तर त्या तशाच चमकत राहणार.

शा.ला म्हटलं, या पानावर नुसते शब्द ठेवू. 'ऑर्डरी पाहत आहोत, अजून तोडू नका.'

"किती कुरूप दिसेल ते."

"शेतात कोण रूप बघतंय?"

"पुण्याचे बघतील. पाच ठेव. पाच बऱ्या दिसतात."

नेट अडकलं तर तसं सांगणारी ओळ? "ती दसऱ्यानंतर बघू."

दोघींच्या कंपनीत बहुमत कसं काय होतं, देव जाणे. पण होतं, आणि नेहमी तिचंच.

१५ सप्टें., सोमवार

नवी पानं चढवली. चढवताना लागणारा ओटीपीचा आकडा शा.च्या फोनवर येतो. तिने तो लॉटरी लागल्यासारखा मोठ्याने वाचला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, "आपण म्हाताऱ्या झालो, पण ॲप बघ कसं तरणं दिसतंय." हसले. तिचा हात जड झालाय आता.

१७ सप्टें., बुधवार

सकाळी कमलताईंचा फोन. मखमलाबादच्या. आमच्या ॲपवर आलेल्या पहिल्या शेतकरी त्या.

"मॅडम, नावं कधी उमटायची?"

"कसली नावं?"

"पाच ऑर्डरी आल्यात ना. मी म्हणलं, पितरपाठात पाच गिऱ्हाइकं, नशीबच उघडलं. लायनी दिसत्यात, आतलं लिहिलेलं काय दिसत नाय. पण पाच हायेत, दोनदा मोजल्या. म्हणून तोडला झेंडू."

"किती तोडला?"

"समदा. घटासाठी राखला व्हता, तो बी. मोठी गिऱ्हाइकं असतील म्हणलं."

मी ॲपच्या नोंदींत पाहिलं. एकही ऑर्डर नव्हती. सांगितलं.

मग, "मंग ते काय व्हतं?"

स्केलेटन होतं, असं सांगू? भांडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बर्फात ठिवला तर ऱ्हाईल का ओ, सोमवारपर्यंत?"

नाही राहणार. ते माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत.

१८ सप्टें., गुरुवार

शा.ला सांगितलं. ती पुण्याच्या लोकांसाठी कप निवडत होती.

"तिला वाचता येत नाही का?"

"वाचायला होतं काय तिथे?"

"अगं, बँकेच्या ॲपवरही असंच असतं. शिकतील लोक."

"बँकेचं ॲप बघून कुणी झेंडू तोडत नाही, शालन."

"तुला ना, सगळ्यात पाप दिसतं. शाळेतल्या सिस्टरांच्या हाताखालची तू."

"तूही त्याच शाळेत होतीस."

"मी नीतीच्या तासाला पळून जायचे," म्हणाली आणि हसली. तेच हसू, डावा गाल आधी. माझा राग तिथे येऊन थबकतो, हा माझा जन्माचा घोळ. आज मात्र थबकला नाही.

कप निळे घेतले.

१९ सप्टें., शुक्रवार

पान दुरुस्त केलं. पट्ट्या काढल्या. आधी ऑर्डरींची संख्या, तीही शब्दांत. नेट अडकलं तर 'संपर्क नाही, तोडू नका.' माझ्या जुन्या फोनवर, नेट बंद करून, चालू करून पाहिलं. चालतं.

शा.कडे आकडा मागितला.

"सोमवारी घटस्थापना, त्याच दिवशी पुण्याचे येताहेत. मुद्दाम चांगला दिवस बघितलाय. ते गेले की चढव."

"सोमवारीच सगळे तोडणार. गर्दीच्या दिवशी नेट हमखास अडकतं."

"म्हणूनच आता काही हलवायचं नाही."

फोन पर्समध्ये टाकला, चेन ओढली. माझ्यासमोर. माझ्यापासून लपवायचं म्हणून ओढली.

२० सप्टें., शनिवार

मखमलाबादला जाऊन आले. पडवीत झेंडूचा ढीग, खालचा काळा पडायला लागलेला. बांधावरच्या झाडांना नुसती पानं. कमलताईंनी चहा दिला, पिशवीभर फुलं दिली. "न्या, देवाला वाहा. वाया जाण्यापरीस." नको म्हणायचं धाडस झालं नाही. सून माझ्याशी एक शब्द बोलली नाही. निघताना कमलताईंनी विचारलं, "सोमवारी बी तसंच दिसंल का?"

हो म्हणाले.

घरी येऊन यशवंतच्या फोटोला मोठा हार केला. नवरा गेल्यापासून एवढा मोठा पहिल्यांदाच. बोटं पिवळी झाली.

२१ सप्टें., रविवार. सर्वपित्री

उद्यापासून ऑफिसला जायचं नाही. शा.ला सकाळी फोन करून सांगितलं. "रुसू नकोस ग," म्हणाली. जिभेला हाड नाही तिच्या. पुढचं ऐकलं नाही.

हे मंगलच्या हाती, म्हणजे झाडायला येते तिच्या हाती, पाठवायचं:

फ्लॅटची आणि कपाटाची किल्ली शालनला. कोडही तिलाच. दुरुस्त पान वेगळं ठेवलंय, त्याला नावच 'तोडू नका' दिलंय. तिच्या फोनवरचा आकडा टाकला की चढेल. दुसरं काही करावं लागणार नाही. आज रात्री चढवलं तरी वेळेत आहे. चिठ्ठीत एवढंच लिहायचं, बाकी काही नाही.

खुर्चीवरची उशी आणि पंखा मंगलला.

निळे कप पुण्याच्यांना.

ऑर्डरी बघायचा पासवर्ड मी ठेवून घेतेय, घरून बघता येतील. शालनने तो बदलला तर…

कमलताईंना, आणि त्यांच्याकडून बाकीच्यांना, माझा घरचा नंबर. उद्या पहाटे पट्ट्या दिसल्या तर कुणी फुलाला हात लावायचा नाही. आधी मला फोन करायचा. चारपासून मी फोनपाशी आहे.