दारावर टांगलेलं कापड

राजपुरा, बुऱ्हाणपूर
३ जून २०२४

ती. शांताताईंना,
कोकिळाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रच. तुमच्या भावामागे यंत्रमागांचं कसं होणार, ही काळजी आता सोडा. वाचनालयातून कारखाना चालवण्याचं पुस्तक आणलं आणि शिस्त लावली. ज्याच्या कापडात दोष निघेल, त्याचा तुकडा त्याच्या नावासकट दारावर टांगायचा. पहिला मान समाधानचा! यांच्या वेळचा कारागीर म्हणून सूट दिली नाही. तेव्हापासून एकही दोष समोर आलेला नाही. गप्पाही बंद. पूर्वी सगळे वहिनी म्हणायचे, आता मॅडम म्हणतात. तुम्हीही शिकून घ्या.

केळ्याचे वेफर पाठवते आहे, पण खोकला सांभाळून.

माया आहे तशी असू द्या.
तुमची कोकिळा

देडतलाई
११ जून

चि. कोकिळेस,
अनेक आशीर्वाद.

वेफर मीच संपवले, खोकला गेला उडत. मॅडम मात्र मी म्हणायची नाही. तुझे पहिले मांडे खापरावर फाटले होते आणि आम्ही ते हसत खाल्ले, हे विसरू नको.

एक विचारते. रामदासच्या वेळी कोणी आपणहून चूक दाखवायला आला, की आधी त्याला घरातून चहा यायचा. मग दोघं वाकून धागा शोधायचे. चहा करून करून तू वैतागायचीस. आता दोष निघतच नाहीत, की कोणी दाखवतच नाही? आणि आपलं दार रस्त्यावर उघडतं. समाधानच्या घरी यंदाच सून आली आहे गं.

रागावलीस तरी आशीर्वाद आहेतच.
शांता

राजपुरा
२ जुलै

ती. शांताताईंना,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहायला हात धजत नव्हता. व्यापाऱ्याकडून सगळा माल परत आला. मी आणलेलं सूत कच्चं होतं, धुतलं की कापड विरतं. मागावर चढवलं त्याच दिवशी हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. कोणी बोललं नाही. दुसरा कारागीर कडू, त्याला विचारलं, तर खाली बघत म्हणाला, की मॅडम, बोलणाऱ्याचंच नाव दरवाज्यावर लागलं असतं. समाधाननं एवढंच विचारलं, की तुमचं नाव कोणी लावायचं?

मग परत आलेल्या ताग्याचा तुकडा फाडला, त्यावर माझं नाव लिहिलं आणि समाधानच्या तुकड्याशेजारी टांगला. वाटलं, फिटलं. संध्याकाळी सगळे त्याखालून न बघता निघून गेले. समाधान थांबला. रामदास सेठनं कधी काही टांगलं होतं का, असं म्हणाला आणि दोन्ही तुकडे काढून माझ्या हातात दिले. माल परत आला तेव्हाही इतकी लाज वाटली नव्हती. यांच्यासोबत इतकी वर्षं मी चहा केला, पण तो कशासाठी, हे कधी पाहिलंच नाही.

आज सकाळी त्याच्या मागावर धागे तुटत होते. ते सांगायला तो दाराशी आला. मी आधी चहा ठेवला. ताई, यांच्या कपात दिला. त्यानं कप ओळखला, हळूहळू प्यायला, विसळून पालथा ठेवला. मग म्हणाला, चला मॅडम, दाखवतो.

अजून मॅडमच.

तुम्ही तरी मला नावानं हाक मारणं सोडू नका.
तुमची कोकिळा