खोकला आधी कुणाला झाला

दादा,

जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय. ट्रकवरून साथ घेऊन आलास आणि आईला खाल्लंस, असं म्हणत बाबांनी तुला घराबाहेर काढलं. तूही ते खरं मानून निघून गेलास.

साथ गावात कुठून शिरली ते शोधायला आज लॅबमध्ये सुरुवातीचे नमुने तपासले. त्यात आपलं घरही होतं. विषाणू माणसामाणसांतून जाताना त्याच्या जनुकांत मधेच एखादा बदल होतो आणि तो पुढे तसाच जातो. आईच्या विषाणूत असा एक बदल आहे. तुझ्या विषाणूत तोच, वर आणखी एक. बाबांच्या विषाणूत एकही नाही. तू ट्रक घेऊन जायचास त्या बंदरावरच्या विषाणूची शाखा तर वेगळीच निघाली. म्हणजे बाबांकडून आईला आणि आईकडून तुला, वेड्या!

घरी येऊन नुसत्या येरझाऱ्या घालत होते. जेवताना बाबांनी विचारलं, "त्याच्याकडूनच ना?"

"आधी जेवून घ्या."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "खोकला आधी मला झाला होता," म्हणाले. "तुम्हाला कुणाला बोललो नाही."

हे पत्र आता पाठवत नाही. तुला हे त्यांनीच सांगायला हवं. तुझा नंबर काढून फोन त्यांच्या ताटाशेजारी ठेवलाय. ते अजून त्याच्याकडे नुसते बघतायत.

तुझी,
धाकटी