तळ्यात की मळ्यात

१२ डिसेंबर २००३
डॉक्टर म्हणाले, काचबिंदूने ह्यांची उरलीसुरली नजरही जाईल. काय बघायचं ते आताच बघून घ्या. मला वाटलं, हे काशी म्हणतील. छे! "राजस्थानातलं खारं सरोवर!" जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण स्वारी नाशिकहून मनमाडच्या पुढे कधी गेली नाही! पावसात नद्या पाणी आणतात, ऊन ते पितं, मीठ उरतं, त्यातल्या शेवाळावर रोहित पक्षी गुलाबी होतात — मलाही पाठ झालंय. मैदानात रेघ मारून पोरांना तळ्यात-मळ्यात खेळवायचे. चुकला की, "आऊट!"

१५ डिसेंबर
सायखेड्याहून ह्यांच्या बहीण आल्या, चतुरावन्सं. "रोहित बघायला येवढ्या लांब? कुणाचा पोरगा हे? जमीन किती?" नात लग्नाची आहे ना! पक्षी म्हटल्यावर तोंड एवढंसं झालं. तरी येणारच म्हणतात. पेढे आणलेत, ते वाया कसे घालवायचे?

२ जानेवारी २००४
हॉटेल 'सरोवर दर्शन'. दर्शन फक्त पाटीचं. बोटही आहे — दारात, विटांवर! मॅनेजर म्हणतो, "नदियों पे बाँध, तले में बोरवेल, पानी कहाँ से आयेगा?" उद्या सरोवर बचाव परिषद आहे. मांडव सरोवरातच घातलाय. मोकळी जागा!
ह्यांना कसं सांगू?

३ जानेवारी
नाही सांगितलं. पायाखाली भेगाळलेली जमीन, समोर मोहरीचा फुललेला मळा. ह्यांना आता नुसता उजेड-अंधार कळतो. अंतरपाट दूर झाला तेव्हाही एवढा खुललेला चेहरा पाहिला नव्हता मी!
"पाणी आहे?"
"भरपूर!" — बाई गं, सुटलंच तोंडातून.
"हा फटफट आवाज?"
बोअरचा पंप. "मोटारबोट!"
"रोहित ओरडत कसे नाहीत?"
"जेवून झोपलेत."
वन्संना खूण केली. तर त्या मोहरीकडे बघत, "लय हेत रे दादा! पिवळेधमक!"
चिमटा काढला मी.
"गुलाबी! गुलाबी!"
ह्यांनी टोपी काढली. वाऱ्याकडे तोंड करून तसेच उभे राहिले. मला त्या मोहरीचा इतका राग आला! तिचा बिचारीचा काय दोष?

९ जानेवारी
घरी. फोडणीत मोहरी तडतडली आणि दारातून आवाज आला — "तळ्यात की मळ्यात?"
"तळ्यात," मी म्हटलं.
"आऊट!" म्हणाले. मग चाचपडत आले आणि माझा हात धरला.