सतरंजीचं दुसरं टोक

मुलुंड पूर्व,
बुधवार, १० जून २०२६

प्रिय संघू,

बालवाडी सोमवारी नव्या इमारतीच्या तळमजल्यावर सुरू होणार, हे आता पक्कं झालं. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून सुशांतनं काल स्वतः फोन करून सांगितलं. पाणी आलंय, मुलांच्या उंचीचे नळ बसलेत, भिंतींचा रंग वाळलाय. वर आईबद्दल म्हणाला, "बाईंनी बालवाडीत माझ्या ओल्या चड्ड्या वाळत घातल्यात. त्यांची खोली वेळेत द्यायला नको?" सेक्रेटरी झाला तरी तोच आहे.

तू बरी असशील. तुझ्या आईचं, सुंदराबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं, बरं वाटलं. त्यांना माझा जय भीम सांग. इथे सगळं ठीक. आई बरी आहे.

पत्र बघून हसशील. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू लगेच फोन केला असतास, आणि तुझा आवाज ऐकला की मला धड भांडता येत नाही. सुशांत उद्या बँकेच्या कामाला मुलुंडला येतोय, त्याच्याकडे देते.

उद्घाटनाच्या दिवशी भिंतीवर लावायला तू बालवाडीचा इतिहास मागितला होतास. "तू पेपरवाली आहेस ना गं, दोन पानं तुला काय जड?" म्हणालीस. दोन पानं झाली. सोबत पाठवतेय, भिंतीवर ती लाव. त्यात जे नाही ते इथे लिहितेय.

भिंतीवरच्या पानात आहे की, आईनं, म्हणजे रत्नप्रभाबाईंनी, १९८१ साली स्वतःच्या खोलीत बालवाडी सुरू केली. खरं म्हणजे ती माझ्या अंथरुणावर सुरू झाली. सकाळी आई मला उठवायची, माझी गोधडी गुंडाळायची, आणि मी डोळे चोळत असतानाच तुझी आई तुला त्या जागेवर ठेवून कंपनीच्या कँटीनला पळायची. जागा अजून गरम असायची. त्यात तू बसायचीस, भोंगा पसरून.

मग मुलं वाढली. तुझ्या बाबांनी बुद्ध विहाराच्या कमिटीला विचारून हॉल मिळवून दिला. आमच्या लाइनीतल्या काही बायकांनी तेव्हा नाकं मुरडली आणि मुलं पाठवायची बंद केली. आई म्हणाली, "येतीत. त्यांका पण कामाक जावचा आसा." पावसाळा संपायच्या आत आली सगळी. हा भाग भिंतीवर सौम्य करून लिहिलाय. तुला वाटलं तर तिखट कर.

त्याच हॉलमध्ये नियम झाला. जूनच्या पहिल्या दिवशी दारात जे मूल सगळ्यात जास्त रडेल, त्याला बाई कडेवर घेऊन आत जाणार आणि बाकीचे मागून. तू हा नियम अजून पाळतेस. वसाहत पाडली, तेव्हा संक्रमण शिबिरातल्या त्या कोंदट खोलीतसुद्धा पाळलास. मला सुशांतनं सांगितलं होतं.

आपल्या बालवाडीच्या दोन्ही वर्षांच्या जूनमध्ये कडेवर तू होतीस, संघू. दोन्ही. माझ्यापेक्षा काही महिन्यांनी मोठी, आणि अंगानंही चांगली भरलेली. मी मागून सतरंजी ओढत यायचे. मी रडले नाही. बाईंच्या मुलीनं रडायचं नसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं.

आणि घराच्या उंबऱ्याबाहेर तिला 'बाई' म्हणायचं, हे मात्र सांगितलेलं होतं. एकदा विसरून मी 'आई' अशी हाक मारली, तर ती फळ्याकडे तोंड करूनच म्हणाली, "हय कोणाची आई नाय." सगळी पोरं हसली. त्याच आठवड्यात तू तिला चुकून 'आई' म्हणालीस. तिनं ओ दिली. तुला आठवतही नसेल. मी पेपरात इतकी वर्षं काढली, कालची बातमी आज विसरते, पण ती 'ओ' विसरले नाही.

पुढचं तुला माहीत आहे. मी शिकून पेपरात गेले, तू शिकून परत तिथेच आलीस. आई थकली तेव्हा किल्ली तुझ्याकडे गेली. बरोबरच होतं. मला मुलं सांभाळता येत नाहीत, मला तर कुंडीतली तुळस टिकवता येत नाही. पण कोणी भेटलं की म्हणायचं, "बाईंनी संघमित्राला अगदी पोटच्या पोरीसारखं तयार केलं." आणि पोटची पोर बाजूला उभी राहून हो हो करायची.

मग वसाहतीतल्या इमारती पाडायला घेतल्या आणि आई माझ्याकडे आली. ही तीन वर्षं ती माझी होती. सकाळी आम्ही दोघी गॅलरीत चहा पितो. ती माझ्या मथळ्यांतल्या चुका काढते, मी तिच्या भाजीतलं मीठ. कोणी रडत येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिची सकाळ दुसरं कोणी मागत नव्हतं.

आता खरं काय ते लिहिते. मागच्या आठवड्यात तू विचारलंस, "बाईंना सोमवारी आणशील ना?" आणि मी म्हणाले, डॉक्टर नको म्हणतात, गुडघा अजून कच्चा आहे. डॉक्टर असं काही म्हणाले नाहीत. डॉक्टर म्हणतात चाला, जास्त चाला, फक्त वजन उचलू नका. मी तुला खोटं सांगितलं आणि आईला तारीख सांगितली नाही.

काल सुशांतचा फोन आला तेव्हा मी गॅसवर चहा टाकत होते. फोन आईनं उचलला, स्पीकरवर. तो बिचारा म्हणाला, "बाई, तुम्हाला डॉक्टरांनी मनाई केलीय म्हणून वाईट वाटतं हो." मी चहा ढवळत राहिले. आई शांतपणे म्हणाली, "डॉक्टर काय म्हणतत ता माका इचार. किती वाजता उघडतंस?"

संध्याकाळी बघितलं तर तिची पिशवी दाराशी. त्यात बालवाडीत गाण्यांना वाजवायची ती खंजिरी, दोन लुगडी आणि तिच्या नव्या खोलीची किल्ली. खोली तुझ्या शेजारचीच, हे मला काल कळलं. तुम्ही दोघींनी खोल्यांच्या लॉटरीनंतर अदलाबदल करून घेतलीत ना? मला कोणी विचारलं नाही.

मी म्हणाले, "कायमची चाललीस?"

"खोली माझी आसा. ऱ्हवतलय."

"आणि मी?"

तिनं चष्मा पुसला. म्हणाली, "जळतंस तिच्यावर?"

अठ्ठेचाळीस वर्षांची बाई काय बोलणार? मी हो म्हणाले.

"मग जळ. पण सोमवारी लवकर उठ."

मग मी ते विचारलंच. मला कधी का नाही घेतलंस कडेवर? तिला आधी कळेचना मी कशाबद्दल बोलतेय. तिच्या लेखी तो मान नव्हताच. "रडणारा पोर उचलूचाच लागता," म्हणाली. "एका हातात ती, दुसऱ्या हातात सतरंजी. सतरंजीचा दुसरा टोक तुझ्याकडे होता म्हणान मी आत गेलय. नायतर दोघांतला एक खाली पडला असता."

मला वाटलं होतं की हे ऐकून माझं समाधान होईल. अर्धंच झालं. उरलेलं अर्धं अजून जळतंय, तुला खोटं कशाला सांगू. तिला 'आई' म्हणून तू हाक मारलीस आणि तिनं ओ दिली, ते मला अजून नको आहे. पण आता आपल्या दोघींचंही वय झालं, आणि ती सत्त्याहत्तर वर्षांची आहे. रविवारी रात्री मी तिच्याशेजारी झोपेन. सोमवारी सात वाजता रिक्षा सांगितली आहे. बँडवाले वगैरे बोलावू नका, तिला आवाज सहन होत नाही. ती परत मुलुंडला येईल असं मला वाटत नाही.

डॉक्टरांचं वजनाचं तेवढं खरं आहे. तेव्हा दारात जे रडेल त्याला उचलायचं काम तुझं. आई काठी टेकत पुढे चालेल. सतरंजी मी आणते, जुनीच, इथे माळ्यावर आहे. एक टोक तू धर.

आणि मी रडले तर मला उचलू नका. फक्त आधी आत घ्या.

बाईंची धाकटी,
माधुरी