वीतभर माती

आई, मला तुझा राग आला आहे. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावून काय उपयोग, असं कुणीही म्हणेल. पण गेले चार दिवस माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते आहे आणि ज्यांच्यावर ओरडायचं त्यांच्यासमोर तोंडातून शब्द फुटत नाही. ही सवय तुझी आहे.

कारापूरला भाटकाराच्या, आपल्या जमीनमालकाच्या, परसात तू माड लावत होतीस, तो दिवस आठव. खाणीवरची पाळी संपवून आलेली तू कमरेइतका खड्डा खणते आहेस आणि मी माती ओढते आहे. वरची काळसर माती उजवीकडे टाकायची, खालची लाल-पिवळी डावीकडे. मी खेळाच्या नादात दोन्ही ढीग एक करून ठेवले. "तुझे डोळे खंय गेले? मुळांका वरची माती व्हयी. खालची घातलंस तर झाड उपाशी रवतला!" आणि मला ती माती हाताने निवडायला लावलीस, ढेकूळ न् ढेकूळ. मी रडत रडत निवडली. पुढे माती तपासायच्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा कळलं, तू बरोबर होतीस. पालापाचोळा, मुळं, हवा सगळं वरच्या वीतभर मातीत, म्हणून जिवाणूंचा बाजार तिथेच भरतो. हातभर खाली गेलं की गर्दी ओसरते, जाती बदलतात, थोडक्यात भागवणारे तेवढे उरतात. जमिनीचा वापर कशासाठी झाला, यावरही ते अवलंबून असतं. पाणी साचणाऱ्या भातशेतातले जिवाणू वेगळे, काजूच्या बागेतले वेगळे. त्यांच्यावरून माती कुठली असावी, हे आम्हाला बऱ्यापैकी सांगता येतं.

तर ऐक. डिचोलीतलं एक भातशेत, खाणीच्या गाळाखाली गेलेलं. ते सुधारून परत द्यायचं काम खाणवाल्यांचं. सुधारलं की नाही, हे आमच्या अहवालावर ठरणार आणि अहवालावर सही झाली की ते मोकळे. नियमाप्रमाणे मी वीतभर खोलीचा नमुना घेतला. जिवाणू भरपूर होते, नाना जातींचे. पण भातशेतातले नव्हतेच! पेडण्यातला काजूचा एक माळ बंगल्यांसाठी सपाट करायला घेतला होता, तिथली माती मी मागच्या वर्षी तपासली होती. यादी जवळजवळ तीच निघाली. मी पुन्हा शेतावर गेले आणि हातभर खणलं. वीतभर मातीखाली तोच गुळगुळीत लाल गाळ, घट्ट बसलेला, आणि त्यात जिवाणू नावापुरते. म्हणजे तिकडचा माळ सोलला आणि ती माती इकडे आणून पसरली. दोन पावसाळ्यांत ती वाहून जाईल आणि खालचा गाळ तेवढा राहील. किती निर्लज्ज माणसं असतील ही!

आमच्या साहेबांना दाखवलं तर ते हसले. "बाई, तुम्हाला नमुना आणायला पाठवलं होतं, विहीर खणायला नाही. नियमात वीतभर आहे ना? मग वीतभरच लिहा."

मी माझे कागद गोळा केले, आणि मला खाणीवरचा तो दिवस आठवला. तपासणीला मोठे साहेब येणार म्हणून मुकादमाने तुम्हा बायकांच्या हातात बालद्या दिल्या होत्या. धुळीने लाल झालेल्या भाताच्या रस्त्याकडेच्या दोन ओळी तुम्ही धुताय, पातं न् पातं. साहेब गाडीतून उतरतात, हिरवंगार भात बघून मान डोलावतात. मी दहा वर्षांची. मी ओरडते, "ह्या आताच धुतलेला हा, सायबा! थंय मागचा बगा!" तू सगळ्यांदेखत माझ्या मुस्काटात मारलीस. "चेडू खुळा आसा, सायबा." मग मुकादमासमोर मला हात जोडायला लावलेस. तुझी रोजी गेली असती, हे मला समजतं. पण वरची माती आणि खालची माती ओळखायला जिने शिकवलं, तिनेच मी खरं बोलले तेव्हा मला खुळी ठरवलं, हे मी अजून विसरलेले नाही. विसरणारही नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार? तुझ्यावर रागावणं सोपं आहे, तू उलट बोलत नाहीस. खरं सांगायचं तर माझी नोकरी तुझ्यासारखी रोजंदारीची नाही. साहेबांनी फार तर माझी बदली केली असती. तरी मी सही केली.

काल नमुन्याच्या जागी ठोकलेल्या खुणेच्या खुंट्या काढायला शेतावर गेले. शेताची मालकीण बांधावर उभी होती. तू गेलीस तेव्हाच्या तुझ्याच वयाची. गाळ आल्यापासून तिने तिथे एक दाणा टाकला नव्हता. मला बघून लगबगीने पुढे आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "बाय, तूच सांग. औंदा पेरूं मगे?"

मी मान हलवली, आई. हो म्हणून.