घराण्याचे न मिटणारे दात

तीर्थस्वरूप आत्यास,

दुकानातून, मशीनवर कोपर टेकून, भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे. इथे खरोखर आडवा झालो, तर उठताना अंगभर टाचण्या घेऊन उठावं लागेल.)

तुझे गुडघे कसे आहेत? मोतीबिंदू काढल्यापासून तुला समोरच्या घरातलं सगळं स्वच्छ दिसतं, हे वाचून आनंद झाला आणि समोरच्यांची काळजी वाटली. आम्ही खुशाल आहोत. तुझी भाचसून मजेत आहे, जरा जास्तच मजेत आहे, त्याचं कारण पुढे येईल. पत्रात वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही’ लिहावं अशी रीत आहे, पण मी ‘तुम्ही’ म्हटलं की तू लगेच विचारतेस, “काय हवंय रे?” म्हणून आपलं ‘तू’च बरं. मला काहीही नको आहे. फोनच केला असता, पण सध्या माझं फोनवरचं बोलणं ऐकून लोक पत्ता विचारतात आणि मदत पाठवतो म्हणतात.

तर हकीकत दातांची. आपल्या घराण्यात दाढा दाढांना भेटतात आणि पुढचे वरचे दात खालच्या दातांना जन्मभर भेटत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. काकडी घातलेला पाव आपण चावला, तर पाव जागेवर राहतो आणि काकडीची चकती सबंध बाहेर येते. बाबांनी दुकानात रीत घालून दिली ती नेमकी याच तोंडाने : कपडा पुरा झाला की शेवटचा दोरा कात्रीने कापायचा नाही, शिवणाऱ्याने आपल्या दाताने तोडायचा. बाकीचे शिंपी तो पुढच्या दातांनी कुटकन तोडतात. बाबा मान वाकडी करून दाढेने तोडायचे, मीही तसाच तोडतो. गिऱ्हाइकाच्या अंगावरच कोट असेल, तर बघणाऱ्याला वाटतं, शिंपी त्याच्या छातीचे ठोके ऐकतो आहे. (एका आजोबांनी मला “कसं आहे?” असं घाबरून विचारलंही होतं. मी “झकास बसलाय” म्हणालो. ते समाधानाने घरी गेले.)

आता बटण. आमची लेक बटण यंदा नऊ वर्षांची झाली, आणि शाळेतल्या तपासणीत तिच्या तोंडात बॅटरी मारून कुणीतरी चिठ्ठी दिली, की दातांच्या डॉक्टरांना दाखवा. दवाखाना दुकानापासून चार इमारती पलीकडे, औषधांच्या दुकानावर. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. टेबलावर लोकांच्या दातांचे प्लास्टरचे ठसे ओळीने मांडलेले. बटणने त्यातला सगळ्यात वाकडा ठसा निवडून त्याच्याशी मैत्री केली. बाईंनी तिला पाणी गिळायला लावलं, मग मला गिळायला लावलं, आणि म्हणाल्या, दोघांचीही जीभ गिळताना पुढे येते आणि दातांच्या मध्ये घुसते. दिवसभर अशी जीभ घुसत राहिली, तर बिचारे दात मिटतील कसे? जबड्याची ठेवण घराण्याची, ढकलणं जिभेचं. मग त्यांनी विचारलं, अंगठा चोखणं, पेन चावणं, अशी काही सवय? बटणने प्रामाणिकपणे सांगितलं, तिला नाही, पण बाबा तोंडात टाचण्या ठेवतात. बाईंचं लिहिणं थांबलं. मी सांगितलं, फटीत छान राहतात, एका वेळी मूठभर मावतात. बाईंनी ते लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही.

उपाय त्यांनी फार नीट समजावले. मी ते आपल्या धंद्याच्या हिशेबाने समजून घेतले. बटणचं काम म्हणजे नुसता कच्चा टाका : वरच्या दातांमागे तारेचं एक बारीक कुंपण, म्हणजे जीभ पुढे यायला गेली की तिला आठवण होते, आणि सोबत जिभेचा व्यायाम. हाडं अजून वाढताहेत तोवर हे सोपं. माझ्यासारख्या शिवून, धुऊन, आटून बसलेल्या कपड्याला मात्र दातांवर तारा, आणि वरच्या दातांपासून खालच्या दातांपर्यंत बारीक रबरं. त्याने भागलं नाही, तर जबड्याच्या हाडात छोटे स्क्रू बसवून दाढा वर दाबायच्या. मागे उंची कमी झाली की पुढचं आपोआप मिटतं. काहींना पारदर्शक साचेही चालतात म्हणे. आणि फट फारच मोठी असली, तर जबड्याचं ऑपरेशन, म्हणजे सरळ उसवून पुन्हा शिवणं. हे शेवटचं त्यांनी बटणला बाहेर पाठवून सांगितलं. आत्ता केलं तर हिचं थोडक्यात होईल, म्हणाल्या, पण टाळलं तर मोठेपणी कदाचित तिथवर जावं लागेल.  कापड कसंही कापलं गेलं तरी माझ्या हाताला कंप सुटत नाही, पण त्या दिवशी चपला घालताना डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली.

बटण मात्र बाईंच्या खुर्चीत बसायला तयार नाही. तिचं म्हणणं, आधी तुम्ही. (हट्ट कुणावर गेला आहे, ते मी लिहीत नाही. तू वाचते आहेस.) म्हणून या वयात मी तारा बसवून घेतल्या. रबरं मला स्वतःलाच अडकवावी लागतात. पहिल्याच आठवड्यात एका बाईंना पोलक्याचा गळा केवढा ठेवू असं विचारताना एक रबर सुटलं आणि त्यांच्या चष्म्यावर बसलं. गळा त्यांनी बंदच ठेवायला सांगितला. शिवाय व्यायाम : जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकवायचं, तोंड मिटायचं आणि ती न हलवता गिळायचं. मी आणि बटण रात्रीच्या जेवणाआधी समोरासमोर बसून हा व्यायाम करतो. त्या वेळात घरात कुणीच बोलत नाही. तुझी भाचसून म्हणते, हे आधीच का नाही सुचलं, आणि व्यायामाची वेळ हळूहळू वाढवते आहे.

डॉक्टरीणबाईंनी एक सक्त मनाई केली होती : दाताने दोरा तोडायचा नाही, दाढेनेसुद्धा. मी हो म्हणालो. मीच म्हणालो, पण मान ऐकेल तर ना! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. बटणच्या शाळेचे हेडमास्तर निवृत्त होताहेत. त्यांचा कोट निरोपसमारंभासाठी त्याच दुपारी द्यायचा होता. ते अंगात घालून आरशासमोर उभे, मी छातीवरच्या खिशाला शेवटचा टाका घातला, आणि इतक्या वर्षांची मान आपणहून वाकडी झाली. दोरा तुटला. मी मात्र परत आलो नाही. रबर अडकवायचा जो इवलासा हूक दातावर असतो, तो कोटाच्या विणीत शिरून बसला होता.

हेडमास्तर खाली माझ्या डोक्याकडे बघत म्हणाले, “काय झालं?” मी जे म्हणालो ते मलाही कळलं नाही. कात्री हाताशी होती, पण कापड त्यांच्या जावयाने परदेशातून आणलेलं. एक धागा जरी तुटला तरी घरात महाभारत होईल, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ठरलं की असंच दवाखान्यात जायचं. ते सरळ चालले, मी त्यांच्या छातीला गाल लावून आडवा चाललो. फुटपाथवर लोक बाजूला होत होते. फुलवालीने डोळे पुसले. बहुधा तिला वाटलं, कुणीतरी गेलं आणि मास्तर सांत्वन करताहेत. दुर्दैव असं की तेव्हाच मधली सुट्टी झाली होती. शाळा वाटेतच, कुंपणापाशी सगळी पोरं उभी. हेडमास्तरांनी सवयीने “आत व्हा!” अशी गर्जना केली, ती माझ्या कानात अजून आहे, कारण माझा कान तिथेच होता. बटणही त्या पोरांत होती. ती ओरडली नाही, हसली नाही, सरळ फाटकातून निघून आमच्याबरोबर चालायला लागली, आणि तिने माझा लोंबणारा हात धरला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हाला दोघांना नीट बघितलं आणि विचारलं, कोट काढला का नाही? आत्या, आम्ही एकमेकांकडे पाहिलं. (म्हणजे त्यांनी पाहिलं. माझी मान वळत नव्हती.) हेडमास्तर माणूस खानदानी. ते म्हणाले, विचार आला होता, पण बटणं सगळी लावली होती. बाईंनी हूक सोडवला. कोटाला काहीही झालं नाही, समारंभ उत्तम पार पडला. भाषणात त्यांनी आयुष्यात जोडलेल्या माणसांचा उल्लेख केला. मी पहिल्या रांगेत होतो, मी वर पाहिलं नाही.

बाकी सगळं ठीक. तुझ्या तब्येतीला जप, औषधं वेळेवर घे, आणि स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढू नकोस.

तुझा,
सध्या काटेरी कुंपणात असलेला भाचा

ता. क. तुझी दोन पोलकी शिवून तयार आहेत. शेवटचा दोरा कात्रीने कापला आहे. बाबांना कळवू नकोस. तुझं त्यांच्या फोटोशी बोलणं चालतं, म्हणून सांगतो.

ता. क. २. आपण इकडे कधी येता? हो, ‘आपण’च लिहिलं आहे. त्याचं असं झालं, की एवढं सगळं झाल्यावर मी बटणला म्हणालो, आता तुझी पाळी. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही काय, कुणाचंही ऐकता. आत्याआजी कुणाचंच ऐकत नाही. ती त्या खुर्चीत बसली तर मी बसेन.” मागच्या खेपेला तुम्ही तिला सांगून गेलात, की आपल्या घराण्याचे दात असेच, माझं कुठं काय अडलं? तेव्हापासून ते तिचं ब्रह्मवाक्य आहे. डॉक्टरीणबाईंशी मी बोललो आहे. तुमच्या दातांना त्या हात लावणार नाहीत, नुसतं तोंड उघडायचं आणि फार तर जिभेचा व्यायाम शिकायचा. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारची वेळ मी घेऊन टाकली आहे, तुमच्या नावाने. रागवा, पण या.

ता. क. ३. एक गोष्ट वर लिहायची राहिली. म्हणजे राहिली नाही, लिहवली नाही. बटण हल्ली हसताना तोंडावर हात धरते. परवा आम्ही दोघांनी आपला जुना फोटो पाहिला. त्यात तू हात धरला आहेस, बाबांनी धरला आहे, मीही धरला आहे. लोकांना वाटतं, काय शालीन घर आहे! तिने मला विचारलं, आत्याआजी हात न धरता कधी हसली का? मी खूप आठवलं. मला नाही आठवलं गं.

येशील तेव्हा ती दारातच उभी असेल. तेवढं कर, दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन ये.