चिट श्वेच्या नावाचे पाणी

मोलमेन,
४ एप्रिल १९५३

ती. ओन तिनताईस,
बा थिनचा सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही म्हणून तू रागावली असशील. मंडालेहून तुझी पत्रे येऊन पडली आहेत, उत्तर लिहायला बसलो की कोणीतरी बोलवायला येते. नदीकाठच्या वस्तीत पटकी सुरू झाली आहे. हे वाक्य तुला लिहायचे नव्हते, उशीर त्यानेही झाला.

आरोग्य खात्याने करायचे ते सगळे चालू आहे. लस टोचतो, विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकतो, मासळीबाजारामागची गटारे धुऊन घेतो. लोक सुईला भितात, पटकीला भीत नाहीत. परवा कमिटीने ठराव केला की रस्त्याकडेच्या सर्व पाणपोया पाऊस लागेपर्यंत उचलाव्यात. येणाराजाणारा रांजणात हात बुडवतो, आणि एकच करवंटी साऱ्या वस्तीच्या तोंडाला लागते. ठरावाचा मसुदा मीच लिहिला. लिहिताना आपल्या गल्लीच्या तोंडाची पाणपोई आठवली नाही, असे मी म्हणणार नाही.

आई अजून पहाटे उठून रांजण स्वतः घासते, स्वतः भरते. लढाईत आपल्या भावाला, चिट श्वेला, जपान्यांनी रेल्वे बांधायला नेले आणि तिकडे तो तहानेने गेला. या वाटेने तरी कोणी तहानलेला जाऊ नये, एवढेच तिचे म्हणणे. मी तिला सांगून रांजणांत पावडर टाकली. तिने सगळे पाणी ओतून दिले. म्हणाली, भिक्षूच्या पात्रात कोणी आंबलेला भात वाढतो का? दवाखान्याच्या फरशीचा वास मारणारे पाणी दान म्हणून द्यायला ती अजून एवढी निर्लज्ज झालेली नाही.

कोपऱ्यावरच्या चहावाल्या ऊ पो खाची विहीर मी बंद केली आहे. त्याने काल चारचौघांत मला विचारले, साहेब, तुमच्या आईची आणि पटकीची जुनी ओळख आहे काय, की ती नेमकी त्या पाणपोईला वळसा घालून जाते? लोक हसले. मीही हसलो, पण त्याचे काय चुकले ते मला सांगता येईना.

तुझे ती ऐकते. दोन ओळी तिला लिही. भावजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ उणा होऊ देऊ नकोस.

तुझा,
बा थिन


मंडाले,
१३ एप्रिल १९५३

चि. बा थिन यास,
ओन तिनचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. आज नववर्षाच्या, पाणी उडवायच्या सणाचा पहिला दिवस. तांदळाचे गोळे केले, गुळाऐवजी एकात मिरची भरली, आणि ती नेमकी तुझ्या भावजींच्या वाट्याला आली. अजून बोलत नाहीत. बाहेर पोरे बादल्या घेऊन नाचत आहेत आणि मी तुझ्या पाण्याचा विचार करत बसले आहे.

लहानपणी आईकडे काही मागायचे असले की तू मला पुढे करायचास. केस पिकले तरी खोड गेली नाही. मी आईला लिहिणार नाही. आरोग्याधिकारी तू आहेस.

पण तू न लिहिलेलेही मला कळले. तू ‘तहानेने’ असे लिहिलेस, तिथे शाई पसरली आहे. चिट श्वेबरोबर गेलेला को सेन परत आला, तेव्हा आपण दोघे त्याच्यासमोर बसलो होतो. छावणीत लोक मिळेल ते घाण पाणी पीत, त्यातून पटकी आली, चिट श्वेला जुलाब-उलट्या झाल्या आणि अखेरपर्यंत तो पाणी पाणी करत होता, असे तो म्हणाला. आई चुलीपाशी जात-येत होती. तिच्या कानावर शेवटचे तेवढे पडले, आणि आपण ते तसेच राहू दिले.

आता ते तिला सांगावे असे तुझ्या मनात घोळत असेल, तर ऐक. सांगू नकोस. पाणपोई सरकारी हुकमाने उचल. ती खात्यावर रागावेल, तुझ्यावर रागावेल, महिन्याभराने पाऊस पडला की विसरेल. पण ती पाणपोई म्हणजे तिचा मुलगा आहे. चांगल्या पाण्याने त्याला वाचवता आले असते या समजुतीवर ती उभी आहे. पाण्यानेच तो गेला, हे ऐकून ती कशावर उभी राहील?

तू स्वतः लस घेतलीस का, तेही कळव. उकळलेलेच पी. माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी ताई,
ओन तिन


मोलमेन,
२४ एप्रिल १९५३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लस घेतली आहे. बाकीचे सांगणे कठीण आहे, म्हणून क्रमाने सांगतो.

सणाच्या आदल्या दिवशी पाणपोईचे रांजण मी शिपायांकरवी न उचलता स्वतः उचलले. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, शिकवले ते बरे केले, आता उचलायला हमाल तरी लागत नाही. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या घागरी तिथे जाऊन बसल्या होत्या. त्या मी आत आणल्या. त्याच्या पुढच्या दिवशी तिने घागरी पुन्हा नेल्या आणि वर जाईच्या फुलांची माळ घातली, म्हणजे मला हात लावणे जड जावे. मी माळ काढून घरातल्या बुद्धापुढे ठेवली आणि घागरी आणल्या.

मग समोरची मा पू गेली. चटया विणायची ती. सकाळी बाजाराला निघाली होती, दुसऱ्या सकाळी नव्हती. ती आपल्याकडचे पाणी प्यायची, तशी नदीतही आंघोळ करायची आणि कापलेली कलिंगडेही खायची. रोग कुठून आला ते मला ठाऊक नाही, कधी कळणारही नाही. गल्लीला मात्र ठाऊक आहे. प्रेतयात्रेत बायका आईपासून जरा अंतर राखून चालत होत्या.

घरी येऊन तिने मला समोर बसवले. विचारले, मनात काय आहे ते सांग, मा पूला मी मारले का? मी म्हटले, सांगता येत नाही. खरेच येत नाही, ताई. त्यावर ती म्हणाली, पाण्याने कोणी मरत नसते. माझ्या पोराला कोणी असे घोटभर पाणी दिले असते तर तो आज या घरात असता.

तेव्हा मी सांगितले. को सेनने सांगितलेले सगळे.

 तिने उठून घागरी पालथ्या घातल्या. त्याला आता पाच दिवस झाले. थोडा भात खाते, जपमाळ घेऊन बसते, मी विचारीन तेवढ्याचे उत्तर देते. पाणपोईचा ओटा रिकामा आहे, माझा ठराव पाळला गेला, गल्लीतल्या दुसऱ्या दोन पाणपोयाही लोकांनी आपणहून उचलल्या. ते खरे होते म्हणून मी सांगितले, की हाताशी होते म्हणून, हे मी रोज स्वतःला विचारतो आणि रोज वेगळे उत्तर येते. तू नको म्हणाली होतीस.

रागावलीस तरी पत्र लिही.

बा थिन


मंडाले,
२ मे १९५३

चि. बा थिन यास आशीर्वाद.

मी रागावले आहे. खरे सांगितलेस, ठीक आहे. पण खरे बोलून मोकळा झालास तू, आणि ओझे गेले तिच्या डोक्यावर. सत्तरीच्या बाईने ते कुठे उतरवून ठेवायचे, याचा विचार आधी करायचा असतो.

रेल्वेचा मार्ग पुन्हा बंद आहे. बोटीची जागा मिळताच मी निघते. तोवर तिला एकटी ठेवू नकोस. समजावू नकोस, नुसता जवळ बस.

ओन तिन


मोलमेन,
१२ मे १९५३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यातले काही खोडून काढावे असे नाही. सांगितलेस तसा जवळ बसत गेलो.

बुधवारी मी कामावर निघालो होतो, तेव्हा आई मागून बोलली. विचारले, म्हणजे त्याला पाणी मिळाले होते?

मला आधी कळलेच नाही. मग ती म्हणाली, इतकी वर्षे तिला वाटत होते की कोरड्या तोंडाने गेला. पाण्याने गेला म्हणजे कोणीतरी पाजले असणार. कोणी पाजले?

ते मला माहीत नव्हते. तिला खोटे उत्तर देणार नव्हतो, म्हणून सुट्टी काढून बोटीने पलीकडे मार्तबानला गेलो आणि को सेनला गाठले.  तो म्हणाला, शेजारच्या झोपडीत रबराच्या मळ्यातला एक तमिळ मजूर होता. भाषा एकमेकांना येत नव्हती. तो डबड्यातून डबक्याचे पाणी आणायचा, चिट श्वेचे डोके मांडीवर घ्यायचा आणि थोडे थोडे पाजायचा, अगदी शेवटपर्यंत. पुढे तोही गेला. नाव को सेनला आठवत नाही.

आईला तसेच सांगितले. तिने एवढेच विचारले, की पाणी वाईट आहे हे त्या माणसाला ठाऊक होते का? मी म्हटले, तिथे कोणालाच नव्हते. मग ती म्हणाली, तर त्याचे पुण्य पुरेपूर त्याचेच. त्याने जवळ होते ते दिले. पण त्याला ठाऊक नव्हते, आणि मला आता ठाऊक झाले. ताई, ती रडली, आणि मला वाटते इतक्या वर्षांत ती अशी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने मला साहेबासारखे उभे करून विचारले, की पाणी किती उकळायचे, कशाने झाकायचे, ओगराळे कोणाच्या हाती द्यायचे. कोणाच्याच नाही, असे तिने स्वतःच ठरवले. ती बसून वरून ओतणार, लोकांनी आपापले भांडे आणायचे नाहीतर ओंजळ धरायची. मी म्हटले, ठराव सगळ्यांना सारखा आहे, तुझ्यासाठी मोडता येणार नाही. ती म्हणाली, मोडू नकोस, सगळ्यांसाठी बदल, तोवर थांबते. मी दुरुस्ती मांडली. उकळलेले, झाकलेले, वरून ओतलेले पाणी चालेल, असे कमिटीने आज मान्य केले. ऊ पो खा म्हणतो, आता म्हातारी फुकट गरम पाणी वाटणार, म्हणजे त्याच्या चहाचे कठीण आहे.

रोग हटलेला नाही. आजही नदीकाठच्या दोघांना दवाखान्यात हलवले. सांगितले ते योग्य केले, असे मी अजून म्हणत नाही. ते तू आल्यावर तिच्याकडे बघून ठरव. ये, लवकर ये.

तुझा,
बा थिन

ता. क. एवढे पाणी रोज उकळायचे तर घरातली लाकडे पुरणार नाहीत. उद्याचे काम: वखारीत जाऊन आईसाठी सरपण सांगणे.